मृगया, अवधान आणि शांती : शिकारीच्या साहित्यातील एका पेचाचा विचार

शिकार आणि शांती ही दोन पदे एकत्र उच्चारली की प्रथमदर्शनी विसंगती जाणवते. एकीकडे प्राणहरण, दुसरीकडे मनाची निवांत, निःसंग अवस्था. तरीही अनेक भाषांतील साहित्यात अरण्याचे अतिशय तन्मय वर्णन शिकाऱ्याच्याच तोंडून, किंवा त्याच्याच नजरेतून, आलेले दिसते. या वर्णनांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. काही वाचक त्यांना निखळ निसर्गवर्णन मानतात व बंदुकीकडे काणाडोळा करतात. काही वाचक त्यांना क्रौर्यावर चढवलेला सौंदर्याचा मुलामा समजतात व सारे लेखनच बाजूला सारतात. या दोन्ही रीतींत एक महत्त्वाची गोष्ट निसटते. शिकाऱ्याला लाभणाऱ्या शांतीचे मूळ कशात आहे, आणि त्या शांतीचे शस्त्राशी नाते काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. प्रस्तुत लेखात निवडक कृतींच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

प्रथम परंपरेची भूमिका पाहू. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाच्या कामज व्यसनांची जी यादी आहे, तिच्यात मृगयेला पहिले स्थान आहे. याउलट 'अभिज्ञानशाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेचे गुण गातो. तिने शरीर हलके होते, भय व क्रोध या अवस्थांतील प्राण्यांच्या चित्ताचे ज्ञान होते, चल लक्ष्याचा वेध साधतो, अशी त्याची मांडणी आहे. येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. सेनापतीच्या युक्तिवादात सौंदर्याला किंवा शांतीला स्थान नाही. तो केवळ उपयुक्ततेचा हिशेब मांडतो. मात्र 'प्राण्याचे चित्त जाणणे' या त्याच्या एका मुद्द्यात पुढील सर्व पेचाचे बीज आहे. ज्याचे चित्त जाणले, त्याच्यावर बाण सोडणे पूर्वीइतके सोपे राहते काय?

कालिदासाने या प्रश्नाचे उत्तर प्रसंगांतून दिले आहे. 'शाकुंतला'च्या आरंभी दुष्यंत हरणाचा पाठलाग करीत आहे. मान वळवून मागे पाहणारे, धापा टाकताना अर्धवट चघळलेले गवत वाटेवर सांडणारे ते हरीण राजाच आपल्या सारथ्याला वर्णन करून सांगतो. त्या हरणाच्या गतीतील लय आणि त्याच्या शरीरातील भीती या दोन्ही गोष्टी मारणाऱ्याच्याच दृष्टीला दिसतात. अभिनवगुप्ताने रसविवेचनात भयानकाचे उदाहरण म्हणून याच श्लोकाची निवड केली. त्याच्या मते येथील भय अमुक एका हरणाचे, अमुक एका वेळचे राहत नाही. स्थलकालाच्या मर्यादांतून सुटून ते आस्वाद्य होते. साधारणीकरणाच्या सिद्धांताला शिकारीच्या प्रसंगाचा आधार मिळावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. प्रेक्षकाला जे तटस्थ तन्मयत्व लाभते, ते दुष्यंताला मात्र पूर्णपणे लाभत नाही. कारण त्याच्या हाती धनुष्य आहे. रसिक आणि शिकारी यांच्यातील अंतर हे इतकेच, पण ते निर्णायक आहे.

दुसऱ्या अंकात राजा मृगया थांबवतो. रेड्यांनी डबक्यात डुंबावे, हरणांनी सावलीत रवंथ करावे, रानडुकरांनी निर्धास्तपणे मुस्ता उकराव्यात, आणि प्रत्यंचा सैल झालेल्या आपल्या धनुष्यानेही विसावा घ्यावा, अशा आशयाचे त्याचे उद्गार आहेत. त्यामागचे निमित्त आश्रमाचे सान्निध्य आणि शकुंतलेचे ध्यान हे असले, तरी रचनेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की, धनुष्याची विश्रांती आणि वनाची विश्रांती येथे एकाच चित्रात गुंफलेल्या आहेत.

'रघुवंशा'च्या नवव्या सर्गात हा विचार अधिक खोल जातो. दशरथ मृगयेला निघतो. एका मृगाचा नेम धरला असता त्याची सहचरी मध्ये येऊन आपल्या देहाने त्याला आड करते. ते पाहून राजा कानापर्यंत ओढलेला बाण परत घेतो. पुढे इतर हरिणींच्या भयभीत डोळ्यांत त्याला प्रियेच्या नेत्रांची आठवण होते व घट्ट आवळलेली मूठ सैल पडते. मोराच्या पिसाऱ्यात त्याला फुले माळलेला केशपाश दिसतो, आणि जवळून उडालेल्या त्या मोरावर तो बाण टाकत नाही. कालिदासाने दशरथाला अहिंसक ठरवलेले नाही. याच सर्गात अनेक श्वापदे त्याच्या बाणांना बळी पडतात. परंतु जेथे जेथे तो थांबतो, तेथे तेथे त्याच्या थांबण्याचे कारण एकच आहे : त्याने पाहिले. सर्गाच्या शेवटी तमसेच्या तीरावर मात्र तो पाहत नाही, केवळ ऐकतो. घागर भरण्याचा आवाज त्याला हत्तीचा वाटतो, आणि शब्दाच्या रोखाने सुटलेला बाण मुनिपुत्राचा प्राण घेतो. दर्शनाने आवरलेला बाण आणि दर्शनावाचून सुटलेला बाण यांच्यामधील विरोधावर हा सर्ग उभा आहे, असे म्हणता येईल.

यावरून शिकाऱ्याच्या शांतीचे स्वरूप काही अंशी स्पष्ट होते. ही शांती वधातून येत नाही. ती अवधानातून येते. पाणवठ्याजवळ दबा धरून बसलेला किंवा माग काढीत निघालेला मनुष्य वाऱ्याची दिशा, पानांची सळसळ, पाखरांचे इशारे, मातीतले ठसे यांकडे सर्वांगाने लक्ष देतो. या लक्ष देण्यात त्याचा अहं काही काळ विरघळतो. स्पॅनिश विचारवंत ओर्तेगा इ गासेत याने १९४२ साली एका शिकारविषयक ग्रंथाला लिहिलेल्या दीर्घ प्रस्तावनेत शिकाऱ्याला सावध मनुष्याचा आदर्श मानले ते याच अर्थाने. त्याच्या मते सावजाचा मृत्यू हा शिकारीचा हेतू नसतो; परंतु त्याच्यावाचून शिकार खरीही ठरत नाही. म्हणूनच कॅमेऱ्याने केलेली 'शिकार' त्याला कृत्रिम वाटते. ओर्तेगाचे म्हणणे मान्य केले, तर शांतीची किंमत रक्ताने चुकवावी लागते, हेही मान्य करावे लागते. या ठिकाणी काही लेखक त्याच्यापासून वेगळे होतात.

इव्हान तुर्गेनेव्ह हा त्यांपैकी प्रमुख. 'शिकाऱ्याची टिपणे' या नावाने ओळखला जाणारा त्याचा संग्रह १८५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. रशियातील भूदास शेतकऱ्यांचे माणूसपण ठसवणारी कृती म्हणून त्याची चर्चा नेहमी होते. परंतु त्यातील कास्यान नावाच्या विक्षिप्त, ठेंगण्या शेतकऱ्याची कथा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. निवेदक शिकारी कास्यानला सोबत घेऊन रानात जातो. दिवसभर हाती काही लागत नाही. अखेर गवतातून उडालेला एक पक्षी तो टिपतो. उन्हाचा ताप असह्य झाल्यावर दोघे सावलीत विसावतात. निवेदक उताणा पडून झाडांच्या शेंड्यांपलीकडचे आकाश पाहतो. ते आकाश त्याला अथांग समुद्रासारखे भासते आणि मन एका मुग्ध, निःशब्द आनंदात बुडते. या क्षणी कास्यान त्याला विचारतो की, तो पक्षी कशासाठी मारला? तो खाण्याजोगा आहे, असे उत्तर निवेदक देतो. ते कास्यानला पटत नाही. मौजेखातर मारला, असे तो स्पष्ट सांगतो.

या प्रसंगाची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. तुर्गेनेव्हने शांतीचा अनुभव खोटा ठरवलेला नाही. ते आकाशवर्णन संग्रहातील उत्कृष्ट भागांपैकी एक आहे. त्याचबरोबर त्याने तो अनुभव निर्वेध राहू दिलेला नाही. शांती आणि मेलेला पक्षी एकाच सावलीत, एकाच पानावर ठेवले आहेत. प्रश्न विचारणाराही उपदेशक नाही, तर त्याच रानाला निवेदकापेक्षा अधिक जवळून ओळखणारा एक दरिद्री मनुष्य आहे. दशरथाला जे हरिणीच्या कृतीतून कळते, ते येथे शिकाऱ्याला कास्यानच्या शब्दांतून ऐकावे लागते.

जिम कॉर्बेटच्या लेखनात हा पेच प्रत्यक्ष आचरणात उतरलेला दिसतो. १९४४ साली प्रसिद्ध झालेले त्याचे कुमाऊंमधील नरभक्षकांविषयीचे पुस्तक मुख्यतः शिकारकथांचे आहे. नरभक्षकांना मारणे ही त्या प्रदेशातील लोकांची निकड होती. मात्र त्याच पुस्तकाचे शेवटचे प्रकरण वाघांच्या छायाचित्रणाविषयी आहे. कॅमेऱ्याच्या आवाजाने वाघ बिचकू नये म्हणून ओढ्यावर लहान लहान बांध घालून पाण्याचा खळखळाट निर्माण करण्याची युक्ती त्यात येते. दबा धरण्याचे, वाट पाहण्याचे सारे कौशल्य तेच. केवळ शेवटची कृती बदलली. ओर्तेगाला जे कृत्रिम वाटले, ते कॉर्बेटच्या दृष्टीने त्याच अवधानाचे पुढचे पाऊल होते.

मराठीत हे स्थित्यंतर व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) यांच्या लेखनात स्पष्ट दिसते. तरुणपणापासून शिकारीचा नाद असलेला हा लेखक पुढे अरण्याचा निरीक्षक झाला. 'नागझिरा' हे अरण्यवासाचे पुस्तक व वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्ष रंगवणारी 'सत्तांतर' ही साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरी वाचताना, माग काढणाऱ्याची जुनी नजर जाणवत राहते. ठसा कोणाचा, तो किती वेळापूर्वीचा, कळप का बुजला, हे प्रश्न शिकाऱ्याचेच आहेत. फक्त उत्तर मिळाल्यावर बार उडत नाही. वाक्य लिहिले जाते किंवा रेखाटन होते. माडगूळकरांच्या गद्यातील संयम, अनावश्यक शब्द टाळण्याची वृत्ती, या गुणांचे नातेही दबा धरून बसणाऱ्याच्या शिस्तीशी जोडता येण्यासारखे आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात हौसेच्या शिकारीचा मार्ग बंद होत गेला. त्यामुळे आजच्या विद्यार्थ्याला हे साहित्य एका संपलेल्या जगाचे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्यातील प्रश्न संपलेला नाही. एखाद्या जीवाचे सौंदर्य पूर्णपणे पाहावयाचे, तर त्याच्याकडे इतक्या एकाग्रतेने पाहावे लागते की, त्याला आपल्या उपयोगाची वस्तू मानणे अवघड होते. शिकारीचे कौशल्य या एकाग्रतेपर्यंत मनुष्याला नेते आणि तेथेच त्याच्या हातातील शस्त्राला प्रश्न विचारते. ज्या कृती हा प्रश्न दडवतात, त्या केवळ साहसकथा उरतात. ज्या तो उघडा ठेवतात, त्यांतील शांती विश्वसनीय वाटते. कारण तिची किंमत कोणी चुकवली, हे त्यांनी वाचकापासून लपवलेले नसते.