काळा पट्टा कमरेला, पाठ मात्र गादीला!

१४ एप्रिलची मिरवणूक निघाली की आमच्या तिरोड्यात निळ्या झेंड्यांच्या मागोमाग लाठीकाठी खेळणारी मुले-मुली चालतात. हल्ली त्यांच्यात पांढऱ्या पोशाखातली कराटेची मुलेही दिसतात. काठी गरगर फिरते, कौले फुटतात, टाळ्या पडतात. समता सैनिक दलाच्या काळापासून आपल्या समाजाला कवायतीची आणि लाठीची ओढ आहे, त्यामुळे हे पाहून आम्हांस अभिमानच वाटतो. पण वाचक बंधुभगिनींनो, एक साधा प्रश्न आहे. समोरच्याने काठीचा घाव चुकविला, ठोसा चुकविला आणि सरळ कमरेला मिठी मारली, तर आपल्या मुलाने पुढे काय करायचे?

आमच्या परिचयातील एका तरुणाने हा प्रश्न स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिला. त्याच्या इच्छेवरून नाव देत नाही. लहानपणी लाठी, पुढे कराटे, ब्लॅक बेल्ट, आणि आता तो स्वतः मुलांना शिकवितो. वय तिशीच्या पुढे. गेल्या वर्षीपासून तो रविवारी सकाळची गाडी धरून नागपूरला ज्यूदो आणि कुस्तीच्या सरावाला जातो. पहिल्याच दिवशी अठरा वर्षांच्या, त्याच्याहून हलक्या पोराने त्याला तीनदा गादीवर पाडले आणि छातीवर बसून राहिला. परत आल्यावर तो आम्हाला म्हणाला, "साहेब, हातपाय होते, पण कोणत्याच कामाचे नव्हते. श्वासच कोंडला."

"मग पुन्हा गेलास?"

"पुढच्याच रविवारी."

असे का व्हावे? ठोशाला आणि लाथेला जागा लागते. हात मागून पुढे येतो तेव्हा त्यात जोर भरतो. मिठी बसली की ती जागाच उरत नाही. काठीचे तर त्याहून अवघड. कराटेवाल्याला ताठ उभे राहायची सवय, आणि कुस्तीगीर गुडघ्यात वाकून, कंबर खाली ठेवून येतो व पट काढतो. खाली पडल्यावर नवा माणूस दोन गोष्टी हमखास करतो. श्वास रोखून धरतो आणि वरच्याला हातांनी ढकलू पाहतो. लांब केलेला हात नेमका पकडीत सापडतो. कोपरे अंगाशी ठेवायची, कंबर सरकवून जागा करायची, त्या जागेत गुडघा घालायचा, एवढे अंगवळणी पडायला महिने जातात. मात्र जुने शिक्षण अगदीच वाया जात नाही. काठीने घडविलेले मनगट पकडीत उपयोगी पडते, पवित्र्याने पायांना तोल दिलेला असतो, आणि समोरचा केव्हा झेप घेणार हे कराटेवाल्याला इतरांपेक्षा लवकर कळते.

आमच्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे. कराटेच्या कात्यात समोर कोणी नसते, आणि जोडीच्या सरावात समोरचा ठरल्याप्रमाणे हात पुढे करतो. पूर्ण ताकदीने मारावे तर जबडा मोडेल, म्हणून हात आखडता घ्यावा लागतो. पकडीच्या खेळात मात्र दोघेही जीव तोडून झटू शकतात, कारण हार झाली की हाताने दोनदा थोपटायचे आणि समोरच्याने लगेच सोडायचे. डाव लागला की नाही, हे तिथल्या तिथे कळते. गुरुजी सांगतात म्हणून मानायची गरज राहत नाही.

या बाबतीत एक कथा नीट तपासून घेतलेली बरी. कराटे आणि कुंगफू बोधिधर्माने शाओलिन विहारात सुरू केले, असे क्लासमध्ये सांगतात आणि आपली मुले ते आनंदाने घरी येऊन सांगतात. पण ही कथा ज्या ग्रंथाच्या आधारे सांगितली जाते तो 'यिजिनजिंग' सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारेक वर्षांनी आलेला आहे. तांग हाओ नावाच्या चिनी अभ्यासकाने १९३० च्या सुमारासच ही कथा खोडून काढली. बौद्धांशी जोडलेली आहे म्हणून खोटी कथा आपण जवळ करू नये. खरी असलेली एक गोष्ट आहे. जिगोरो कानो या जपानी शिक्षकाने १८८२ साली टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात अवघ्या १२ चटयांवर ज्यूदोची शाळा सुरू केली. या कानोंना एक धिप्पाड विद्यार्थी काही केल्या पडेना, तेव्हा त्यांनी ग्रंथालयात बसून पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळली आणि त्यातून खांद्यावर उचलून टाकण्याचा डाव तयार केला. पुढे १९२२ साली ओकिनावाचे कराटेगुरू गिचिन फुनाकोशी यांनी कानोंच्या शाळेत प्रात्यक्षिक दाखविले. कराटेचा पांढरा पोशाख आणि काळा पट्टा ज्यूदोकडूनच आला आहे. ज्या पट्ट्याचा एवढा तोरा मिरवितात तो मुळात पकडीच्या खेळातला!

आपल्याकडेही ही भिंत जुनी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट देवधरांनी मल्लखांबाला रूप दिले ते मल्लांच्या अंगमेहनतीसाठीच. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. आपल्या विदर्भातल्या जुन्या व्यायामशाळेत लाठी, फरीगदगा, मल्लखांब, कुस्ती हे एकाच अंगणात चालत असे.

आणि खाशाबा जाधव! कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत वाढला. मातीत पाठ टेकली की निकाल. मॅटवर मात्र वेळ मोजलेला, गुण मोजलेले आणि पायाखाली वेगळीच पकड. १९४८ साली लंडनला ते फ्लायवेट गटात सहावे आले. तिथे अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना मॅटच्या कुस्तीचे धडे दिले. गावात नाव मिळविलेल्या पैलवानाने परदेशी माणसासमोर पुन्हा पहिलीत बसायचे, ही सोपी गोष्ट नव्हे. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तिथे खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा आवडता डाव होता ढाक, आणि तो मातीतला. म्हणजे जुने टाकले नाही, नवे नाकारले नाही.

आता आपल्या घरांतली अडचण. आपली मुले कराटेकडे गेली याचे एक कारण, आमच्या पाहण्यात, तालमीतली मारुतीची मूर्ती हे आहे. आजोबा-पणजोबांना गावच्या तालमीत सहज शिरकाव नव्हता, आणि २२ प्रतिज्ञा घेतलेल्या आईबापांना मूर्तीपुढे मूल उभे करणे नको वाटते. तरीही वस्तादांशी मोकळेपणाने बोलून पाहावे. मातीला हात लावून सलामी देण्यात आमच्या मते कोणतीही प्रतिज्ञा मोडत नाही. तेही जमत नसेल तर ज्यूदो आहे, मॅटची कुस्ती आहे. तिथे मूर्तीचा प्रश्न सहसा येत नाही.

मुलींच्या बाबतीत तर आम्ही आग्रहच धरतो. रस्त्यावर मुलीला कोणी दूर उभे राहून ठोसे मारीत नाही. मनगट धरतात, मागून मिठी घालतात, खाली पाडतात. ज्या क्षणाची आईला भीती वाटते त्याचाच सराव यात होतो. महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये २००४ साली आली, आणि २०२३ साली सांगलीत प्रतीक्षा बागडी ही पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. मुली मुलींशीच लढतील आणि शिकवायला शक्यतो बाई असेल, एवढे पालकांनी ठरवून घ्यावे, पण मुलीला घरी बसवू नये.

काळजी घ्यायची ती अशी. नखे कापलेली हवीत, सराव झाल्याबरोबर आंघोळ हवी, नाहीतर गजकर्ण एकाचे दहांना होते. मानेवर कोणाला टाकायचे नाही. थोपटल्यावर न सोडणाऱ्या मुलाला त्या दिवशी घरी पाठवावे, तो कितीही जोरदार असो.

राहिला जागेचा आणि गादीचा प्रश्न. विहाराचे सभागृह वंदना आणि सभा सोडल्यास पुष्कळ वेळ कुलूपबंदच असते. जपानी चटई, जिच्यावर कानोंची शाळा सुरू झाली, ती परंपरेने भाताच्या पेंढ्याची घट्ट दाबून शिवलेली असते. आमचा तालुका धानाचा, आणि मळणीनंतर तणसाचे ढीग जागोजागी उभे असतात. नुसती तणस पसरून चालणार नाही, ती सरकते आणि पाय मुरगळतो. घट्ट दाबून, शिवून, वर जाड ताडपत्री ताणून बसवावी लागेल. वर सांगितलेल्या तरुणाने अशा दोन गाद्या करून पाहिल्या आहेत. पहिली उसवली, दुसरी टिकली आहे. त्याला आणखी दहा करायच्या आहेत, आणि सुई-दोरा चालविणारे चार हात तो शोधतो आहे.