लाडवाचा अपराध नव्हे

गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही बडोद्यास धाकट्या भावाकडे उतरलो होतो. दांडिया बाजाराकडे गायकवाडी अमदानीतील मराठी अजून कानी पडते, त्यामुळे परमुलूख असा वाटत नाही. दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांचा पुतण्या उठला, तो दोन्ही कानांखाली सुजलेला, घास गिळवेना. ‘लाडू बाधले,’ असा घरच्या वडीलधाऱ्यांनी निर्णय दिला आणि त्याचे गोड बंद झाले.

वाचकहो, हे गालगुंड. रोग्याच्या लाळेतून तो माकडांस जडवून जॉन्सन व गुडपाश्चर यांनी १९३४ साली अमेरिकेत दाखविले की, त्याचे मूळ विषाणू आहे. साखरेचा त्यात हात आहे खरा, पण ती ताटातील साखर नव्हे!

आपल्या शरीरातील पेशींच्या अंगावर निरनिराळ्या शर्करांच्या बारीक साखळ्या असतात. पुष्कळ साखळ्यांच्या टोकाशी सियालिक आम्ल नावाची शर्करा बसलेली असते. स्वीडनच्या गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ साली ती गुरांच्या लाळग्रंथीतील चिकट द्रव्यातून वेगळी काढली. तिचे नावही लाळेच्या ग्रीक शब्दावरूनच पडले. गालगुंडाचा विषाणू आपल्या एका प्रथिनाने या टोकास बिलगतो आणि मग पेशीत शिरतो. ते टोक कोणत्या जोडणीचे असावे लागते, हे २०१६ साली जपानच्या क्यूशू विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले. तेच प्रथिन कात्रीचेही काम करते: नवे विषाणू बाहेर पडताना अडकू नयेत म्हणून ते ही शर्करा तोडते. मात्र अशी शर्करा शरीरात इतरत्रही आहे. तेव्हा त्याला लाळग्रंथीच इतकी का मानवते, याचा उलगडा एवढ्याने होत नाही.

आम्हांस भय वाटले ते थोरल्या पुतण्याचे. तो सतरा वर्षांचा. वयात आलेल्या मुलांत हा रोग वृषणांस सूज आणतो. क्वचित् कोणाही रोग्यास बहिरेपणही येते. भावजय म्हणाली, “भाऊजी, गोवराची लस दोघांनाही टोचली आहे ना?” पण सरकारी कार्यक्रमातील लस गोवर व रुबेला या दोहोंचीच, गालगुंडाची नव्हे. तिन्हींची एकत्र लस पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये होते, पण ती बहुधा खाजगी डॉक्टरांकडे पदरमोड करून घ्यावी लागते. बालरोगतज्ज्ञांची संघटना नवव्या व पंधराव्या महिन्यात आणि पुढे चार ते सहा वर्षांच्या दरम्यान ती देण्यास सांगते.

सूज आल्यापासून पाच दिवस मुलास वेगळे ठेवावे, असे डॉक्टरांनी सांगितले. आंबट मात्र देऊ नये. लाळ सुटली की ठणका वाढतो. लाडू मऊ करून चालेल, हे ऐकून धाकट्याची कळी खुलली. थोरल्याच्या लशींचा कागद शोधावयास भावजयीने पत्र्याची पेटी उघडली.