अटॅचमेंट उघडत नाही? आधी दुखणं ओळखा!

"मॅडम, मी फॉर्म काल रात्रीच मेल केलाय."
"आलाय रे, पण उघडतच नाही. परत पाठव."

स्कॉलरशिपची शेवटची तारीख जवळ आली की कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर हा संवाद हमखास ऐकू येतो. मग तीच फाईल परत पाठवली जाते आणि ती परत उघडत नाही. शेवटी मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन विश्रांतवाडी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानाकडे पळतो. प्रिंट घेऊन परत येईपर्यंत ऑफिस बंद! वर्ष वाया जात नसेल, पण फीचे पैसे अडकतात. घरून महिन्याला मोजके पैसे येणाऱ्या मुलासाठी ही काही लहान गोष्ट नाही.

मित्रांनो, "उघडत नाही" हे डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखं आहे. त्यावरून औषध देता येत नाही. अटॅचमेंटची मुख्य दुखणी चारच आहेत. आपलं नेमकं कुठलं हे कळलं की उपाय बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो.

अटॅचमेंट येते तरी कशी?

ई-मेल मुळात साध्या इंग्रजी मजकुरासाठी बनवलेली होती. १९८२ साली ठरलेल्या नियमांप्रमाणे त्यातलं प्रत्येक अक्षर ७ बिटचं होतं. फोटो किंवा पीडीएफ ८ बिटच्या बाइट्सने बनतो, म्हणून तो जसाच्या तसा मेलमधून जाऊ शकत नव्हता. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी 'माईम' ही पद्धत मांडली. त्यात फाईलच्या दर ३ बाइट्सची ४ साधी अक्षरं करतात (याला बेस-६४ म्हणतात). पलीकडे पोचल्यावर त्या अक्षरांची पुन्हा फाईल होते. सोबत फाईलचं नाव आणि तिचा प्रकार सांगणारं एक लेबलही जातं.

म्हणजे प्रवासात तीन गोष्टी असतात: माल, नाव आणि लेबल. यातलं काहीही बिघडू शकतं.

म्हणून पहिली चाचणी ही करा. फाईल डाउनलोड न करता मेलमध्येच तिचा प्रिव्ह्यू बघा, किंवा तोच मेल मोबाईलवर उघडा. तिथे फाईल दिसली तर फाईल ठणठणीत आहे आणि दोष ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधायचा. तिथेही दिसली नाही तर बहुधा दोष पाठवणाऱ्याच्या बाजूचा आहे.

दुखणं पहिलं: माल पूर्ण आलाच नाही

फाईलवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साईज बघा आणि पाठवणाऱ्याला फोन करून त्याच्याकडची साईज विचारा. त्याच्याकडे ८४० केबी आणि तुमच्याकडे ० किंवा १२ केबी असेल तर विषय संपला. परत डाउनलोड करा, नाहीतर परत मागवा.

याचाच एक भाऊ म्हणजे लिंक. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठी फाईल जोडली की ती गुगल ड्राइव्हवर जाते आणि मेलमध्ये फक्त लिंक येते. पाठवणाऱ्याने परवानगी दिली नसेल तर ऑफिसला फाईलऐवजी 'रिक्वेस्ट ॲक्सेस' असं पान दिसतं. इथे कॉम्प्युटर रिस्टार्ट करून काहीच होणार नाही. ज्याची फाईल आहे त्यानेच परवानगी द्यायला हवी. तसंही चार पानांचा फॉर्म २५ एमबीचा का व्हावा? कमी रिझोल्यूशनवर स्कॅन केला की तो सहज एक-दोन एमबीत बसतो.

दुखणं दुसरं: नाव एक, आत भलतंच

विंडोज नावाच्या शेवटचं एक्स्टेन्शन (डॉट पीडीएफ, डॉट डॉक्स वगैरे) बघून ठरवतं की फाईल कुठल्या प्रोग्रॅमला द्यायची. एकदा कोणीतरी 'ओपन विथ' मध्ये चुकीचा प्रोग्रॅम निवडून 'ऑलवेज' केलं की पुढची प्रत्येक पीडीएफ तिथेच जाते आणि एरर देते. अशा वेळी पुन्हा 'ओपन विथ' मध्ये जाऊन योग्य प्रोग्रॅम निवडायचा.

कधी कधी तो फॉरमॅटच कॉम्प्युटरला माहीत नसतो. वर्डचा 'डॉक्स' फॉरमॅट ऑफिस २००७ पासून आला, त्याआधीच्या वर्डला तो आपणहून कळत नाही. आयफोन २०१७ पासून फोटो 'एचईआयसी' मध्ये ठेवतो आणि बऱ्याच विंडोज कॉम्प्युटरवर तो उघडायला वेगळी सोय लागते. यावर आपल्या हॉस्टेलमधला लाडका उपाय म्हणजे फाईलला रिनेम करून शेवटी 'जेपीजी' लिहिणं! अहो, डब्यावर 'साखर' लिहिलं म्हणून आतलं मीठ गोड होत नाही. फाईल खरोखर कन्व्हर्ट करावी लागते.

आत काय आहे ते बघण्याची एक सोपी युक्ती आहे. फाईलवर राईट क्लिक करून ती नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल, पण फक्त सुरुवात वाचायची. खऱ्या पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि 'पीडीएफ' ही अक्षरं असतात. झिप फाईल 'पीके' ने सुरू होते, कारण तो फॉरमॅट फिल काट्झने बनवला. डॉक्सही आतून झिपच असल्यामुळे तिथेही 'पीके' दिसतं. पीडीएफ म्हणून आलेल्या फाईलच्या सुरुवातीला 'एचटीएमएल' दिसलं तर पाठवणाऱ्याने पोर्टलवरून सर्टिफिकेटऐवजी बहुधा लॉगिनचं पान सेव्ह केलंय. नोटपॅड फाईल चालवत नाही, फक्त दाखवतो, म्हणून ही तपासणी सुरक्षित आहे. मात्र बंद करताना 'सेव्ह' करू नका, नाहीतर चांगली फाईलही बिघडेल.

दुखणं तिसरं: फाईल ठीक आहे, पण कुलूप आहे

सगळ्यात साधं उदाहरण म्हणजे ई-आधार. डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि पुढे जन्मवर्ष. मुलं ती पीडीएफ तशीच पाठवतात आणि ऑफिसला वाटतं फाईल करप्ट आहे. ऑफिसला कल्पना द्या. आणि चालत असेल तर पूर्ण नंबर न दाखवणारं मास्क्ड आधार पाठवा.

दुसरं कुलूप विंडोज स्वतः लावतं. इंटरनेटवरून आलेल्या फाईलला ते एक अदृश्य खूण चिकटवतं, तिचं नाव 'झोन आयडेंटिफायर'. ही खूण दिसली की वर्ड आणि एक्सेल (२०१० पासून) फाईल फक्त वाचण्यापुरती उघडतात आणि वर पिवळी पट्टी येते. एक्सेलमधले मॅक्रो तर मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून अशा फाईलमध्ये आपणहून बंदच ठेवलेत. फाईल ओळखीच्या माणसाची आहे हे फोनवर विचारून नक्की केलं असेल, तर प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' वर टिक करता येते.

इथे एक गंमत आहे. "मेलमधून अडते, पण पेन ड्राइव्हवरून उघडते" असं बरेच जण सांगतात. खरं आहे! बऱ्याचशा पेन ड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये ही खूण टिकतच नाही. म्हणजे फाईल बरी झालेली नसते, तिच्यावरची 'सावधान' ची चिठ्ठी तेवढी गळून पडलेली असते. त्यामुळे पेन ड्राइव्ह हा उपाय नाही, ती पळवाट आहे.

आणि ती चिठ्ठी उगाच नसते. ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस मेलमधून जगभर पसरला. अटॅचमेंटचं नाव 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस' असं होतं. विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन लपवत असल्यामुळे लोकांना फक्त 'टीएक्सटी' दिसलं. साधं पत्र समजून त्यांनी क्लिक केलं आणि प्रोग्रॅम सुरू झाला. आजही विंडोज एक्स्टेन्शन लपवूनच ठेवतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' आजच चालू करा. त्या एका कॉम्प्युटरवर आपल्या सगळ्यांच्या फीची आणि कागदपत्रांची माहिती असते. घाईत फाईल उघडावी म्हणून अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा मित्र आपला मित्र नव्हे!

दुखणं चौथं: उघडते, पण मराठी दिसत नाही

हे खास आपलं दुखणं, आणि याची मुळं पुण्यातच आहेत. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि तिथल्या 'जिस्ट' गटाने भारतीय भाषा कॉम्प्युटरवर आणल्या. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी' ऑफिसांत आणि छापखान्यांत पोचली. फार मोठं काम होतं ते. पण त्या काळातले फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. म्हणजे फाईलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, मराठी दिसतं ते फक्त फॉन्टमुळे. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नाही, तिथे टिंबं, उलटी प्रश्नचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

युनिकोडने हा घोळ मिटवला. त्यात देवनागरीला १२८ जागा दिल्या आहेत आणि 'क' चा नंबर ०९१५ हा जगात सगळीकडे तोच राहतो. विंडोज २००० पासून 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट विंडोजसोबतच यायला लागला. तरी जुन्या फॉन्टमधले अर्ज आणि दाखल्यांचे नमुने आजही फिरत असतात.

उपाय दोन. नुसती प्रिंट हवी असेल तर पाठवणाऱ्याला तीच फाईल पीडीएफ करून पाठवायला सांगा, म्हणजे फॉन्ट आतच बसून येतो. मजकूर बदलायचा असेल तर कन्व्हर्टर वापरून युनिकोड करा. पण त्यानंतर रफार, जोडाक्षरं आणि नावं डोळ्यांनी तपासा. 'कर्वे' चं 'कवे' झालं तर सर्टिफिकेट दुरुस्तीसाठी पुन्हा चकरा आपल्यालाच!

थोडक्यात

पाठवणाऱ्यांनी: पीडीएफ करा, साईज कमी ठेवा, नावात स्वतःचं नाव आणि रोल नंबर घाला. पाठवल्यावर 'सेंट' मध्ये जाऊन ती फाईल स्वतः एकदा उघडून बघा.

ऑफिसमधल्या मंडळींना विनंती: "उघडत नाही" ऐवजी तीन गोष्टी सांगा. एक्स्टेन्शनसकट पूर्ण नाव, साईज आणि स्क्रीनवर आलेला मेसेज. तेवढ्यावरून दुखणं कुठलं ते पोरांना रूमवर बसल्या बसल्या कळेल, आणि फॉर्म शेवटच्या तारखेच्या आत जाईल.