जामठ्याची फायनल मोबाइलवर

२६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२५. नागपूरजवळच्या जामठ्याच्या व्हीसीए मैदानावर केरळविरुद्ध पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी घेऊन विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. ज्यांना जामठा गाठता आलं नाही, त्यांनी दानिश मालेवारच्या १५३ धावा जिओहॉटस्टारवर पाहिल्या. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर डब्याला टेकवलेला मोबाइल, भोवती वाकलेल्या माना! ते ॲप तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांचं होतं. जिओसिनेमा आणि हॉटस्टार हे कालचे प्रतिस्पर्धी १४ फेब्रुवारीलाच एक झाले होते. त्यांच्या चुरशीचा आकडा मोठा: २०२२च्या लिलावात आयपीएलचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले आणि डिजिटलची रक्कम टीव्हीच्या पुढे गेली.

अमेरिकेत अशी बोली कॉलेजच्या खेळांवरही लागते. तिथल्या ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या गटाचे सात वर्षांचे हक्क सात अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकले गेले. काही सामने तर फक्त ‘पीकॉक’ या ॲपवर दिसतात. आपल्याकडे आंतरविद्यापीठ क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ पासूनचा. गावसकर तिथेही गाजले. तरी विद्यापीठाच्या पोरांसाठी असा बाजार उभा राहिलेला नाही, याचं वाईट वाटतं.