ओढा खोल करताय? जेसीबी लावण्याआधी दरडीत कुठला खडक आहे ते बघा

कोपरगाव : उन्हाळ्यात ओढा कोरडा पडला की गावात विषय निघतो, 'यंदा खोलीकरण करून टाकू'. मशीन येतं, डिझेल जळतं, गाळ निघतो. पहिल्या पावसानंतर एका ओढ्याच्या काठच्या विहिरींना पाणी वाढतं आणि दुसऱ्या ओढ्यातलं पाणी नुसतं साचून वाफ होऊन जातं. नशिबाचा भाग म्हणून हे सोडून देतात, पण कारण ओढ्याच्या दरडीतच दिसतं.

आपल्या तालुक्याखाली सगळा काळा दगड. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर बसले. प्रत्येक थर सारखा नाही. खालचा भाग घट्ट पाषाण, त्यात भेगा असतील तरच पाणी मुरतं. वरचा भाग बुडबुड्यांचा, त्यात पांढरे ठिपके दिसतात, तो मांजऱ्या खडक. तो कुजला की मऊ होतो, त्याचा मुरूम होतो आणि पाणी धरतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखी तांबडी माती लागते. तिच्यातून पाणी सहसा खाली जात नाही.

म्हणून रांजणगाव देशमुख, जवळके या बाजूच्या उंच भागात, जिथे निळवंडेच्या पाण्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली गेली, तिथे ओढ्याचं पाणी अडवणं फायद्याचं. पाऊसच पाचशे मिलिमीटरच्या आसपास. माती पातळ, मुरूम जवळ. पण तळाला पाषाण लागला की थांबायचं. पाषाण फोडून नुसता खड्डा मिळतो. मुरूम सगळाच उचलून नेला तर पाणी साठवणारा थरच गेला, हे तर त्याहून वाईट.

हाच ओढा उतरून गोदावरीकडे आला की गोष्ट बदलते. इथे नदीने हजारो वर्षं आणून टाकलेला गाळ आहे. वर काळी चिकण माती, तिच्यात चुनखडीचे खडे, तळाला कुठे कुठे वाळू-गोटे. हा गाळ किती जुना? वरच्या अंगाला नांदूर मधमेश्वरजवळ गोदावरीच्या अशाच गाळात आज नामशेष झालेल्या हत्तीची कवटी सापडलेली आहे.

शिरपूर पॅटर्नची नक्कल करताना हा फरक विसरला जातो. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तिथे आधी जमिनीखालचे थर पाहिले, मग नाले खोल केले. आपण फक्त खोली पाहतो.

गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांखालच्या पट्ट्यात तर ओढ्याचं कामच वेगळं. शंभर वर्षांपासून तिथे पाटाचं पाणी आणि ऊस. काळ्या मातीत पाणी साचतं, पाण्याची पातळी वर येते, बरोबर क्षारही वर येतात. पांढरी खपली धरली की जमीन खारवट झाली समजा. पुढे सोडियम वाढला की ती चोपण होते, पावसात चिखल आणि उन्हात दगड. 1920च्या दशकात सी. सी. इंग्लिस या इंजिनिअरने दख्खनच्या कालव्यांखालच्या अशा जमिनींचा अभ्यास केला होता. उपाय तेव्हाही निचऱ्याचाच होता. शेतातलं जादा पाणी बाहेर काढायला चर, आणि चराचं पाणी न्यायला ओढा.

आता तोच ओढा बांध सरकवून अरुंद केलेला, बाभळींनी भरलेला, कुठे तर नळी टाकून वर वाट केलेली. अशा ठिकाणी बंधारा घालून पाणी तुंबवलं तर वरच्या शेतकऱ्याचं रान खराब होणार. त्याने तक्रार केली तर त्याला भांडखोर म्हणू नका.

ठरवायचं कसं? ओढ्यालगतच्या दोन-तीन विहिरींत मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर दोर सोडून पातळी मोजा. उन्हाळ्यातही पाणी हातभर खाली असेल तर तिथे अडवू नका, वाट मोकळी करा. पाणी खोल गेलेलं असेल तर विहिरीच्या कडेला कुठला थर किती फुटांवर दिसतो ते लिहून घ्या आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसाला दाखवा. हे ग्रामसभेत ठराव होण्याआधी करा, मशीन उभं राहिल्यावर कुणी ऐकत नाही.