पावसासाठी उघडं ठेवलेलं घर

दार उघडं मिळालं, तर आत जायची घाई करू नका. उंबऱ्याशी उभं राहून सरळ समोर बघा. आधी एक दालन, त्यापुढे ऊन पडलेला चौक, पुन्हा दार, पुन्हा चौक, आणखी एक दार, आणि अगदी शेवटी बोटाच्या पेराएवढा दिसणारा मागच्या गल्लीतला उजेड. पुढचं दार एका रस्त्यावर, परसदार दुसऱ्या रस्त्यावर, आणि मधलं सगळं एकच घर! शेजारी तसंच दुसरं, समोर तिसरं. रस्त्यावर माणूस मात्र एखाददुसराच.

हे चेट्टिनाड. तामिळनाडूच्या शिवगंगा आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांत, कारैकुडीच्या आसपास विखुरलेली सत्तरेक गावं. आपल्याकडे हे नाव पोचलं ते हॉटेलच्या मेनूकार्डावरून, झणझणीत चिकनच्या आधी लागणारं विशेषण म्हणून. पण कानाडुकातान, आत्तंगुडी, पळ्ळत्तूर, देवकोट्टै या गावांमधून फिरताना माणूस थक्क होतो तो घरांमुळे. सागवानी खांब, इटालियन संगमरवर, बेल्जियमचे आरसे, जपानी नक्षीच्या टाइल्स. आणि हे कुठल्या राजधानीत नाही. तांबड्या मातीच्या, बाभळी वाढणाऱ्या, पावसाची वाट बघत बसणाऱ्या कोरडवाहू खेड्यांत. साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही घरं उभी राहिली. कानाडुकातानचा प्रसिद्ध चेट्टिनाड पॅलेस १९१२चा आहे.

बांधणारे लोक म्हणजे नगरत्तार. जग त्यांना नाट्टुक्कोट्टै चेट्टियार म्हणतं. 'नाडु' म्हणजे देश, मुलूख. 'कोट्टै' म्हणजे कोट. मुलखातल्या कोटांचे धनी! घरांवरूनच ओळखला जाणारा हा समाज पिढ्यान् पिढ्या सावकारी आणि व्यापार करत आला. त्यांची आख्यायिका अशी, की पूर्वी ते कावेरीच्या मुखाशी, कावेरीपूमपट्टिनम् या बंदरात राहत. समुद्र गावात शिरला, होतं नव्हतं ते गेलं, आणि मग समुद्रापासून लांब या कोरड्या पट्ट्यात त्यांनी गावं वसवली. घरांची जोती इतकी उंच का, असं विचारलं तर तिथे आजही हीच गोष्ट सांगतात. आख्यायिकेची तारीख लावत बसण्यात अर्थ नाही. पण पाण्याला भिऊन आलेल्या या माणसांनी पाण्यासाठी जी व्यवस्था उभी केली, तिच्यापुढे मी नतमस्तक आहे.

तिकडचा पाऊस आपल्या पावसाच्या उलट. दसरा-दिवाळीला आपण छत्र्या आवरून ठेवतो तेव्हा, ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून येणारे वारे तामिळ मुलखाला भिजवतात. पाऊस थोड्या दिवसांत पडतो आणि वर्षभर पुरवायचा असतो. म्हणून घराचं छप्परच पाणी धरण्यासाठी बांधलेलं. चौकाच्या चारही बाजूंची कौलारू पाखं आत उतरतात आणि पागोळ्या चौकात पडतात. पन्हळीखाली तांब्या-पितळेची मोठी भांडी मांडायची, की घरचं पाणी घरात. उरलेलं पाणी चौकाच्या फरसबंदीवरून मोरीत, मोरीतून जमिनीखालच्या नाळीने रस्त्याच्या गटारात आणि तिथून गावच्या तळ्यात, ज्याला तिथे 'ऊरणी' म्हणतात. गावाच्या रस्त्यांचा उतारही तळ्याकडे. म्हणजे एखाद्या घराच्या कौलावर पडलेला थेंब पाटाने खेळत खेळत सगळ्या गावाच्या पाण्यात जाऊन मिळे. घर आणि तळं ही एकाच यंत्राची दोन टोकं होती, असं मला हे सगळं समजून घेताना सारखं वाटत राहिलं.

चौकाचं दुसरं काम हवेचं. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते आणि तिच्या जागी सरळ रेषेतल्या दारांमधून वारा ओढला जातो. जाड भिंती, उंच छत, खोल पडव्या यांमुळे मे महिन्यातल्या भर दुपारीही आतली लादी पायाला थंड लागते. विजेचा पंखा गावात यायच्या कितीतरी आधीची ही सोय.

आता जरा भिंतीला हात लावून बघू. पांढरी, गुळगुळीत, काचेसारखी चकाकणारी. हा रंग नव्हे, चुन्याचा गिलावा आहे. शिंपल्यांचा चुना, बारीक वाळू, 'कडुक्काय' म्हणजे आपला हिरडा, गूळ, आणि शेवटच्या थरांत अंड्याचा पांढरा बलक! एकावर एक थर चढवायचे, प्रत्येक थर आधीपेक्षा बारीक, आणि शेवटचा गुळगुळीत दगडाने घोटत राहायचा, घोटत राहायचा. अंड्यातल्या प्रथिनांनी चुन्याचे कण घट्ट धरून ठेवले जातात आणि पृष्ठभाग इतका दाट होतो, की शंभर वर्षांनंतरही पाण्याने पुसला तरी चालतो. आपल्याकडेही जुन्या बांधकामाच्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालण्याची रीत होती. किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीची दगडी चाकं अजून पडलेली दिसतात. इकडच्या आणि तिकडच्या गवंड्यांना एकमेकांची भाषा येत नसेल, पण हिरड्याचा गुण दोघांनाही ठाऊक होता.

जमिनीवरच्या रंगीत लाद्या आत्तंगुडी गावच्या. त्या भाजत नाहीत. काचेच्या तुकड्यावर धातूचा साचा ठेवून त्याच्या कप्प्यांत सिमेंटमध्ये कालवलेले रंग हाताने ओततात, साचा अलगद उचलतात, मागे तिथलीच वाळू आणि सिमेंट भरतात आणि लादी पाण्यात मुरवतात. पुढे काच आपोआप सुटते. काचेचा गुळगुळीतपणा लादीने उचललेला असतो, म्हणून वेगळं पॉलिश लागत नाही. पावलं पडतील तशी तिची झळाळी वाढत जाते. गिरगाव-दादरच्या जुन्या घरांमधल्या फुलांच्या नक्षीच्या लाद्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ही नातेवाईक मंडळी लगेच ओळखू येतील. १९२२ साली मुंबईत सुरू झालेल्या 'भारत फ्लोअरिंग्ज'नेही अशाच सिमेंटच्या स्वदेशी लाद्या बनवल्या. आत्तंगुडीत मात्र आजही कारागीर जमिनीवर बसून एकेक लादी हातानेच करतो.

इतकं मोठं घर, आत राहत कोण होतं? पुढे ओटा, 'तिण्णै', आल्यागेल्यासाठी आणि हिशेबासाठी. मग मुख्य चौक, 'वळवु'. त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने लहान लहान खोल्या. मुलाचं लग्न झालं, की एक खोली त्याची. तिची किल्ली सुनेकडे. आत झोपायचं फारसं नसे; झोपायला पडवी आणि चौक होते. खोली होती सुनेचं स्त्रीधन ठेवायला. आणि हे स्त्रीधन म्हणजे काय होतं! पितळी घागरी, चांदीची ताटं, युरोपातून आलेल्या एनॅमलच्या डब्यांची उतरंड, चटया, पेट्या, समया. आपलं रुखवत दोन टेबलांवर मावतं. इथे त्यासाठी खोलीच बांधली जायची. कुटुंब एकत्र, पण चूल प्रत्येक जोडप्याची वेगळी, वर्षाचं धान्य मात्र मोठ्या घरातून. जोडप्याला त्यांच्यात 'पुळ्ळी' म्हणतात, आणि कुलदैवताच्या देवळाची वर्गणी दर पुळ्ळीमागे धरली जाते. एकत्र राहायचं आणि तरी प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवायचा! सावकाराचं डोकं घराच्या नकाशात असं उतरलेलं पाहिलं, की फार मौज वाटते.

घर बांधणारा पुरुष मात्र घरात क्वचित असे. तो रंगूनला, पेनांगला, सिंगापूरला, कोलंबोला. मुलगा थोडा मोठा झाला, की पेढीवर 'पेट्टियडि' म्हणून लागायचा. पेट्टि म्हणजे आपली पेटीच. पैशांच्या पेटीशी बसून काम शिकणारा पोरगा. पुढे तीन वर्षांच्या बोलीवर परदेशी पेढीचा मुनीम व्हायचा, आणि मुदत संपली की गावी. बायका-मुलं मागेच. म्हणजे वर्षानुवर्षं ही अवाढव्य घरं बायकांनी चालवली. घरावर नाव पुरुषाचं लागलं, पण कोठाराच्या, खोल्यांच्या, पाण्याच्या भांड्यांच्या किल्ल्या बायकांच्या कमरेला होत्या, हे विसरायला नको.

आणि पैसा? त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय या खांबांचं कौतुक अर्धवट राहील. १८५२ मध्ये इंग्रजांनी दक्षिण बर्मा घेतला. १८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडला आणि बर्माच्या तांदळाला युरोपची वाट मोकळी झाली. इरावतीच्या मुखाशी असलेलं जंगल तोडून बर्मी शेतकरी भात लावू लागला. त्याला बैल, बियाणं, मजुरी यासाठी कर्ज हवं होतं. इंग्रजी बँका त्याच्या दारात जात नव्हत्या. चेट्टियार गेले. १९०५ साली त्यांच्या तिथे ३०च्या आसपास पेढ्या होत्या, १९३०पर्यंत त्या सुमारे १,६५० झाल्या. बर्मा तांदळाच्या निर्यातीत जगात पहिला आला, आणि त्याच काळात बर्मा सागवानाच्या तुळया जहाजांतून चेट्टिनाडला येऊ लागल्या. दोन माणसांनी कवेत घ्यावा असा काळाभोर खांब पाहिला, की डोळे दिपतात. पण त्या खांबात इरावतीकाठच्या शेतकऱ्याने फेडलेलं व्याजही आहे.

मग १९३०ची मंदी आली. तांदळाचे भाव कोसळले, कर्जं बुडाली, गहाण जमिनी सावकारांकडे आल्या. दक्षिण बर्मातल्या मुख्य तांदूळ-जिल्ह्यांमधली चेट्टियारांची जमीन १९३० मध्ये शेकडा ६ होती, ती १९३८पर्यंत शेकडा २५ झाली. त्यांना जमीन नको होती, पैसे हवे होते. पण जमीन गेलेल्या शेतकऱ्याला हा फरक सांगून काय उपयोग! तिथला राग समजण्यासारखाच होता. डिसेंबर १९४१ मध्ये रंगूनवर जपानी बॉम्ब पडले, मार्च १९४२ मध्ये शहर पडलं. लाखो हिंदी माणसं जंगल-डोंगर तुडवत भारताकडे निघाली, हजारो वाटेतच गेली. १९४८ मध्ये स्वतंत्र बर्माने जमिनींच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला, १९६३ मध्ये तिथल्या बँकाही सरकारजमा झाल्या. चेट्टिनाडला समुद्रापलीकडून येणारी रसद तुटली, आणि नवे वाडे बांधणं थांबलं.

सगळं बुडालं असं मात्र नाही. या समाजाने देणंही मोठं दिलं. राजा सर अण्णामलै चेट्टियारांचं चिदंबरमचं विद्यापीठ १९२९चं. १९३७ मध्ये चिदंबरम् चेट्टियारांनी इंडियन ओव्हरसीज बँक काढली, ती पहिल्याच दिवशी कारैकुडी, मद्रास आणि रंगून अशा तिन्ही ठिकाणी उघडली. अळगप्प चेट्टियारांनी कारैकुडीत केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्थेसाठी ३०० एकर जमीन आणि १५ लाख रुपये दिले. पायाभरणीला १९४८ मध्ये पंडित नेहरू आले होते.

घरांचं दुखणं वेगळं आहे. एका घराला आता डझनावारी वारस, कुणी चेन्नईत, कुणी मलेशियात, कुणी अमेरिकेत. एकाची सही राहिली की दुरुस्ती राहते. कौल सरकतं, पाणी तुळईत मुरतं, आणि शेवटी घर पाडून सागवान वजनावर विकलं जातं. कारैकुडीच्या मुनीश्वरन् कोविल रस्त्यावर जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. तिथे एनॅमलचे डबे, आरसे, सुट्टे केलेले दरवाजे रांगेने मांडलेले असतात. कुणाच्या तरी आजीच्या त्या कुलूपबंद खोलीतलं हे सामान. मला ती रांग बघवत नाही. काही कुटुंबांनी वाड्यांची हॉटेलं केली आहेत, आणि शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांना ते आवडत नसलं तरी माझ्या मते तेच बरं आहे. ज्या घरात रोज केर निघतो, ते घर उभं राहतं. २०१४ पासून चेट्टिनाडची गावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. पण यादीने छप्पर शाकारलं जात नाही.

म्हणून सांगते, तंजावर-मदुरैची वारी कराल तेव्हा मधले दोन दिवस कारैकुडीसाठी काढा. गर्दी हिवाळ्यात, जानेवारीत असते. तुम्ही नोव्हेंबरात जा. वाड्याचं हॉटेल झालेलं असेल तिथे उतरा, दुपारी पाऊस धरला की वळवुच्या पडवीत बसा, आणि चारी बाजूंनी कौलांवरून उतरणारं पाणी चौकात येताना बघा. घर बांधणाऱ्यांनी त्यासाठीच आभाळाची बाजू मोकळी ठेवली होती.