ताप मोजावा कसा?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराचे पाणी सांगलीत शिरले. पुरानंतर डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिसचा धोका वाढतो. साताऱ्यातही पावसाळा म्हणजे तापाचेच दिवस. अशा वेळी कपाळावर हात ठेवून बांधलेला अंदाज पुरेसा नसतो.

काखेत थर्मामीटर लावण्यापूर्वी घाम पुसावा. टोक त्वचेला भिडलेले हवे, मध्ये कपडा नको. दंड छातीशी घट्ट धरावा. पाऱ्याचा थर्मामीटर आधी ९५ अंश फॅरनहाइटखाली झटकावा. त्याला काखेत पाच, तर जिभेखाली तीन मिनिटे द्यावीत. डिजिटल असल्यास तो वाजेपर्यंत थांबावे. गरम चहा घेतल्यावर किमान पंधरा मिनिटे तोंडात ताप पाहू नये. लहान मुलांचा तर काखेतच पाहावा.

काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंशाने कमी येतो. मात्र त्यात मनाने अंश मिळवण्याची आपल्याकडील सवय घोटाळ्याची आहे. दिसलेला आकडा, वेळ, जागा आणि दिलेले औषध वहीत टिपून डॉक्टरांना दाखवावे. तीन महिन्यांखालील बाळाचा ताप १००.४ अंश किंवा अधिक असल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.

डेंग्यूत ही वही विशेष मोलाची. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि नेमका तोच काळ धोक्याचा असतो. तेव्हा पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा ग्लानी दिसल्यास आकडा ९८ असला तरी रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.